झाड फुलले नाही, दोष कोणाचा?

मोगरा लावून तीन वर्षे झाली. पाने हिरवीगार, झुडूप छातीएवढे वाढलेले, पण कळी म्हणून नाही. शेजारी येतो, पाहतो आणि म्हणतो, "वांझ आहे हो हे, उपटून टाका." अशी झाडे पुष्कळ अंगणांत असतात आणि असे शेजारीही पुष्कळ असतात. आता, वाचक मायबाप, विचार असा करायचा की झाडाला दोषी ठरवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा येतो?

न्याय करायचा तर आधी झाडाची बाजू ऐकली पाहिजे. पान अन्न कमावते आणि फूल ते खर्च करते. मोगरा, जास्वंद, गुलाब यांना दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. रोप लावले तेव्हा तिथे ऊन होते. पुढे बाजूचा आंबा वाढला, पलीकडे भिंत उठली, आणि ऊन दोन तासांवर आले. ज्याची कमाईच पोटापुरती, त्याने सणाचा खर्च कोठून करावा? जागा आपण निवडली. झाडाला तर एक पाऊलही सरकता येत नाही.

दुसरे कारण अगदी याच्या उलट आहे. फूल येईना म्हणून मालक शेणखताचा ढीग घालतो, वर युरिया टाकतो, दोन्ही वेळा पाणी देतो. नत्र फार झाले की झाड पानांमागून पाने काढीत राहते. फुलाची त्याला आठवणच होत नाही. बोगनवेलीचे पाहा. रस्त्याच्या कडेला, भर उन्हाळ्यात, कोणी पाणी घालीत नाही, तिथे ती रंगाने पेटलेली असते. आणि कुंडीत रोज भिजवलेली वेल नुसती हिरवी. आपल्या बागाईतदारांना हे नवे नाही. संत्रे, मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरायचा तर ते आधी पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, पाने पिवळी पडून गळतात, आणि मग खतपाणी मिळाले की फांदी फुलाने भरते. मोगऱ्यालाही हिवाळ्यात पाणी कमी करून छाटणी केली, म्हणजे पुढच्या नव्या फुटीवर कळ्या येतात.

तिसरे कारण कात्रीचे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटणी त्याच्या हिताची. खुरचाफ्याचे फूल मात्र फांदीच्या शेंड्याला येते. हिवाळा संपता संपता त्याचे शेंडे उडवले की त्या वर्षीची फुले गेलीच म्हणून समजा. कात्री तीच, हातही तोच. पण एकाला जे हित, ते दुसऱ्याला घात.

चौथे कारण मोठे विलक्षण आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्यात गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्यापुढे तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात शेतात ती पुरुषाहून उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहानसे रोपही फुले. त्यांनी इतर कारणे तपासली. मग उन्हाळ्यातच काही रोपे रोज ठरावीक वेळी अंधारात ठेवून त्यांचा दिवस लहान केला, आणि ती फुलली! हे त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी दुसऱ्या एका वनस्पतीवर दाखवले की अशी झाडे खरी मोजतात ती रात्र. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला, तरी फूल चुकते.

आपली शेवंती याच कुळाची. दिवाळी-कार्तिकीच्या सुमारास रात्री वाढतात आणि ती फुलते. पण तिच्या डोक्यावर रात्रभर रस्त्याचा दिवा जळत असेल तर तिला रात्र झाल्याचे कळावे कसे? इथे दोष कोणाचा म्हणाल? झाडाचा नाही, माळ्याचा नाही, दिव्याचाही नाही. दिवा वाटसरूसाठी लावला आहे. कित्येकदा कोणाचाही अपराध नसताना नुकसान होते, आणि तरी अपराधी शोधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. शेवंतीची कुंडी चार हात सरकवली की काम भागते.

शेवटचे कारण काळाचे. बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला आठ-दहा वर्षेही घेतो. कलमाचा दोन-तीन वर्षांत फुलतो. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षे एक फूल दाखवीत नाही, आणि मग एका पावसाळ्याअखेर डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. तिला पाचव्या वर्षी वांझ म्हणणारा केवढा चुकला असता!

यावर कोणी म्हणेल, "ताण दिल्याने फूल येते ना? मग माणसालाही कडक वागवावे, म्हणजे तो फुलेल." हा न्याय लावण्याआधी बागाईतदाराला विचारावे. तो ताण कोणाला देतो? वाढलेल्या, निरोगी झाडाला. कोवळ्या रोपाला दिला तर ते वाळून जाते. किती दिवस देतो? हलक्या जमिनीत थोडे, भारी जमिनीत जास्त. आणि ताणानंतर खतपाणी द्यायला तो चुकत नाही. ज्याला माप माहीत नाही आणि नंतरचे पाणी द्यायची तयारी नाही, त्याने ताणाचे नाव घेऊ नये. ती नुसती उपासमार होय.

आता त्या 'वांझ' शब्दाकडे वळू. हा शब्द अंगणात राहत नाही, उंबरा ओलांडून आत येतो. लग्नाला चार वर्षे झाली की घरातल्या सुनेला तो ऐकावा लागतो. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, हे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. पण तपासाआधीच निकाल लागलेला असतो. मोगऱ्याची माती उकरून पाहणारे आपण, माणसाच्या बाबतीत तेवढेही करीत नाही. शिवाय झाड निदान फुलासाठी लावलेले असते. माणूस कोणी कशासाठी लावलेला नसतो. तपासात काहीही निघाले, तरी तिची किंमत तेवढीच राहते.

तात्पर्य काय, तर आधी ऊन पाहावे, मग खतपाणी, मग कात्री, मग रात्रीचा उजेड, मग झाडाचे वय. एवढे पाहूनही ते फुलले नाही आणि जागा थोडी असेल, तर खुशाल काढावे. त्यात पाप नाही. पण काढताना "मला फूल हवे होते, म्हणून काढले" एवढे खरे बोलावे. आपली इच्छा पुरी झाली नाही, हा त्या झाडाचा दुर्गुण नव्हे.