वीतभर नळी

माझ्या जुन्या बुलेटची एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांना जोडणारी रबरी नळी गेल्या चैत्रात चिरली. पंढरपुरात तो भाग मिळेना. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याची वीतभर रबरी नळी आणि दोन क्लिपा आणल्या. मिस्त्रींनी त्या आवळल्या, आणि गाडी पहिल्यासारखी बोलू लागली. माझ्या काटकसरीचा अभिमान काय विचारता!

आषाढीनंतर एक तरुण शिक्षक गाडी विकत घ्यायला आले. सांगावे की न सांगावे? गाडी तर उत्तम चालत होती. पण मेख तिथेच आहे. चाक डगमगले तर बसणाऱ्याला कळते. या नळीला बारीकशी फट पडली तर काहीच कळत नाही. न गाळलेली हवा आत शिरते आणि रस्त्यावरची धूळ पिस्टन व सिलिंडर मुकाट्याने घासत राहते. शिवाय पेट्रोलच्या वाफेने साधे रबर फुगते, मऊ पडते. गाडी माझी होती तोवर हा जुगार माझा होता. उद्या इंजिन धूर ओकू लागेल तेव्हा मी कुठे असेन?

मिस्त्री म्हणाले, "साहेब, ठिगळ लावलं म्हणून धोतर काय धोतर राहत नाय व्हय?"

खरे आहे. पण ठिगळ दिसते.

मी बसून नळी दाखवली. शिक्षकांनी हजार रुपये कमी केले. ते मला जड गेले, हे लपवत नाही. जाताना मात्र त्यांनी त्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला.