कापलेली कड आणि खरी स्वाक्षरी

छापील प्रतीच्या अस्सलपणाचा प्रश्न सौंदर्यमीमांसेत बहुधा कोरीव मुद्राचित्रांच्या संदर्भात चर्चिला जातो. अमेरिकेतील बेसबॉल-कार्डांच्या व्यवहारात तो अधिक उघडावाघडा दिसतो. सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात वाटल्या गेलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर याच्या एका कार्डाला १९९१ साली पीएसए या प्रमाणन-संस्थेने दहापैकी आठ अशी श्रेणी दिली. त्याच कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ साली न्यायालयापुढे दिली. कार्ड खोटे नव्हते. त्याची कोरीकरकरीत अवस्था खोटी होती.

अशा कापलेल्या किंवा रंग भरलेल्या कार्डावर हयात खेळाडूची खरी स्वाक्षरी घेतली, तर? प्रमाणन-संस्थांनी यावर तोडगा काढलेला आहे. कार्डावर 'अस्सल, फेरफार केलेले' असा शेरा पडतो आणि स्वाक्षरीला स्वतंत्र श्रेणी मिळते. या शेऱ्यात वदतोव्याघात नाही. 'अस्सल' हे विशेषण उगमाविषयी आहे, 'फेरफार' हे उगमानंतरच्या इतिहासाविषयी.

वस्तुतः शाई हाही फेरफारच. मग तो अलंकार आणि कात्री तेवढी कलंक, असे का? मूळ स्थिती भंगते हे उत्तर पुरत नाही. ती दोहोंनी भंगते. स्वाक्षरी आपला कर्ता स्वतःच सांगते. कात्री मात्र कर्ता कधी नव्हताच, काळानेच ही कड जपली, असे भासवते. नेल्सन गुडमन याने १९६८ साली काही कलांत निर्मितीचा इतिहास निर्णायक ठरतो असे दाखवले. येथे 'कोणी हात न लावणे' हाही इतिहास मूल्य ठरतो, आणि त्याचीच नक्कल केली जाते.

स्वतःच्या संग्रहासाठी कड कापली तर कोणाचे काय बिघडले, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. कापणाऱ्याचे यश न दिसण्यातच असल्याने गिऱ्हाईक येण्यापूर्वीच फसवणुकीची सिद्धता झालेली असते. चेझारे ब्रांदी याच्या प्रभावाखालील इटालियन जीर्णोद्धारक भित्तिचित्राची तूट बारीक रेघांनी भरतात. दुरून चित्र अखंड दिसते, जवळून दुरुस्ती ओळखू येते. कापलेल्या कडेला अशी प्रामाणिक रेघ नसते.

खेळाडूची स्थिती अधिक अवघड. त्याने कड तपासलेली नसते. तो फक्त नाव लिहितो. पण पाहणाऱ्याची नजर त्या नावावर स्थिरावते आणि कडेवरून ढळते. शेरा असलेली प्लास्टिकची पेटी फोडून कार्ड पुन्हा विकायला काढले, की शेरा जातो, स्वाक्षरी राहते.