नवस फेडणारं गाव

सावकाश बसा. पाच तासांचा खेळ आहे, मध्ये जेवणाची सुट्टीही. मोबाइल बंद करा.

आपण जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या ओबरआमरगाउ गावात आहोत. प्रेक्षकांवर छप्पर आहे, मंचाच्या मध्यावर नाही. तिथे वर आभाळ आणि मागे डोंगर. पाऊस आला तर येशू भिजू शकतो, आपण कोरडे. ही सोय थोडी खुपू द्या.

1633 साली इथे प्लेगने माणसं मरत होती. उरलेल्यांनी नवस बोलला: साथ थांबली तर दर दहा वर्षांनी येशूच्या दुःखसहनाचं आणि मरणाचं नाटक करू. त्यानंतर प्लेगने कुणी दगावलं नाही, अशी गावाची श्रद्धा. 1634 साली पहिला प्रयोग झाला तो दफनभूमीत, साथीत गेलेल्यांच्या थडग्यांपाशी. बोलणारे कधीच गेले. फेडणारे अजून फेडताहेत.

आता एकच चेहरा निवडा. येशूचा नको, गर्दीतला कुणाचाही. हा माणूस एरवी सुतार असेल, नाहीतर शाळेत शिकवत असेल. इथे भूमिका मिळायला जन्म गावातला हवा, नाहीतर वीस वर्षांचं वास्तव्य. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या पहिल्या दिवसापासून, त्याने केस-दाढीला कात्री लावलेली नाही. रोमन शिपायांना तेवढी सूट. मानेवर रुळणारे ते केस नीट पाहा. टोप नाही, वर्षभराहून जास्त काळ रोज आरशात वाढत गेलेला नवस आहे तो.

गायकवृंद उभा राहतो. मंचावर बायबलच्या जुन्या करारातला एक प्रसंग, चित्रासारखे सगळे जागच्या जागी थिजलेले. त्यातल्या एखाद्या मुलाकडे बघत राहा. हात उचललेला, बोटं किंचित थरथरताहेत. तुमचा श्वासही आपोआप हळू होईल. होऊ द्या.

मग रोमन सुभेदार पिलातासमोरचा ज्यू जमाव येशूला मरण द्या म्हणून ओरडू लागतो. इथे मन आवरून धरू नका, अस्वस्थ व्हा. याच प्रसंगातून पिढ्यान् पिढ्या ज्यूंविषयी द्वेष पेरला गेला. 1934 साली हिटलर हे नाटक पाहायला आला होता आणि पुढे त्याने या नाटकाची वाखाणणी केली. 1990पासून दिग्दर्शक ख्रिस्तियान श्टुकल यांनी संहिता पुन्हा पुन्हा बदलली. येशू आता हिब्रूत प्रार्थना करतो, जमावात त्याच्या बाजूचेही आवाज उठतात. कोविडमुळे दोन वर्षं लांबलेल्या 2022च्या खेळात येशूला दगा देणाऱ्या यहूदाची भूमिका गावातल्या एका मुस्लिम तरुणाने केली. मला यात नवस मोडल्यासारखं काही वाटत नाही, उलट तो फेडण्याची ही जास्त अवघड रीत वाटते. तुमच्या घरात वाडवडिलांकडून आलेलं असं काय आहे? त्यातलं एकच काहीतरी आठवा. ते पाळताना कुणाला दुखवलं जातं का?

उत्तर आलं नाही तरी चालेल. शेवटी टाळ्या वाजवायच्या की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. नमस्कार करायला कुणी पुढे येणार नाही.