कुलपाची तारीख

सांगलीच्या मार्केट यार्डात बापू नावाचा हळदीचा एक अडत्या होता. हळकुंड मोडून त्याचा रंग पाहिला की तो भाव सांगे आणि सहसा चुकत नसे. शेअरबाजारात मात्र तो ऐकीव गोष्टींवर चाले. त्याच्या भरवशावर यार्डातले आणखी पाच-सहा जणही चालत.

या मंडळींनी एसएमई मंचावरच्या एका छोट्या कंपनीचे शेअर १५० रुपयांना घेतले होते. भाव २१० वर गेला, तेव्हा यार्डात पेढे वाटले गेले. मग एका सोमवारी शेअर पाच टक्क्यांच्या लोअर सर्किटला लागला. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. शुक्रवारी भाव १६३ च्या घरात आला.

"शॉर्टवाले घुसलेत," बापूने जाहीर केलं. "हातात शेअर नसताना विकून भाव पाडतायत. मुंबईचा कोणी ऑपरेटर आहे." संध्याकाळपर्यंत त्या ऑपरेटरची गाडी कोणती, हेसुद्धा यार्डात ठरलं. सेबीकडे तक्रार करायची म्हणून बापूने आपल्या दुकानातल्या दिवाणजींना कागद घ्यायला सांगितलं.

दिवाणजींनी कागद घेतला, पण लिहिलं काहीच नाही. "शेठ, हा शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये आहे. सकाळी विकून दुपारी परत घ्यायची सोयच नाही, विकणाऱ्याला खरे शेअर द्यावे लागतात. वायद्यातही हा नाही. मग शॉर्ट करायचं कुठं?"

"मग विकतंय कोण?"

दिवाणजींनी कंपनीचं प्रॉस्पेक्टस काढलं. भांडवलाच्या पानावर सगळं छापलेलं होतं. प्रवर्तक सोडून इश्यूआधीचे जे भागधारक, त्यांच्या शेअरांना वाटपापासून एक वर्ष लॉक-इन, म्हणजे विकायला बंदी. त्यांना ते पडले होते १२ रुपयांना. आणि वर्ष संपलं होतं त्या सोमवारच्या आदल्याच आठवड्यात.

"झोमॅटोचं काय झालं होतं?" दिवाणजी म्हणाले. "जुन्या भागधारकांचं वर्ष भरलं आणि २५ जुलै २०२२ ला एका दिवसात शेअर ११ टक्क्यांहून जास्त पडला. तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती."

शॉर्ट करणारे नसतातच, असं नाही. मोठ्या शेअरांत ते असतात, कधी लबाडीही करतात. पण संशय फुकटात घेता येतो, प्रॉस्पेक्टस वाचायला मात्र रात्र जाते. म्हणून भाव पडला की माणूस आधी चोर शोधतो.

बापू अजून घुटमळत होता. दिवाणजींनी विचारलं, "शेठ, हरिपूरची पेवं, हळद साठवायची ती जमिनीतली कोठारं, उघडली आणि यार्डात हळदीच्या गाड्या लागल्या, की भाव उतरायचा. तेव्हा तुम्ही कुणावर तक्रार केली होती?"

"तक्रार कसली? पेव कधी उघडणार ते बघूनच मी माल घ्यायचो."

बोलून झाल्यावर बापूने प्रॉस्पेक्टस स्वतःकडे ओढलं. "आणि प्रवर्तकांचं?"

"इश्यूनंतरच्या भांडवलातल्या त्यांच्या किमान वीस टक्क्यांना तीन वर्षं. बाकीच्या शेअरांच्या मुदतीही इथंच आहेत."

तक्रारीचा कागद कोराच राहिला. यार्डातल्या इतरांना हे काही पटलं नाही. ऑपरेटर त्यांच्या बोलण्यात महिनाभर तरी जिवंत होता.

पुढच्या महिन्यात ब्रोकरचा एक माणूस नव्या इश्यूचा फॉर्म घेऊन दुकानात आला. बापूने विचारलं, "यात जुने भागधारक किती आहेत, त्यांना शेअर कितीला पडलेत आणि ते मोकळे कधी होणार?"

तो माणूस गोंधळला. "ते बघावं लागेल, बापूशेठ. ग्रे मार्केटचा भाव सांगू का?"