पोथी आणि पढंत

रायपूरच्या मराठी घरांतल्या मुली कथक शिकतात, खैरागढ विद्यापीठाच्या परीक्षा देतात, आणि घराण्यांची नावं विचारली की लखनौ, जयपूर, बनारस म्हणून मोकळ्या होतात. रायगढचंही घराणं आहे आणि ते आपल्याच राज्यातलं, हे आठवावं लागतं.

त्या रायगढचे राजे चक्रधरसिंह (1905–1947) स्वतः नाचत, तबला-पखवाज वाजवत आणि लिहीत. उर्दू गझला 'फरहत' या नावानं, हिंदीत कविता-कादंबऱ्या, आणि नृत्यावर 'नर्तन सर्वस्वम्', तालावर 'तालतोयनिधि' असे संस्कृत नावांचे ग्रंथ. जयपूरचे जयलाल, लखनौचे अच्छन महाराज त्यांनी दरबारी आणले आणि त्यांच्यापुढे उभे केले कार्तिकराम, कल्याणदास यांच्यासारखे खेड्यांतले पोरगे. कार्तिकराम तर गम्मत या लोकनाट्याच्या फडात नाचणारे. मला राजाच्या विद्वत्तेपेक्षा ही निवड मोठी वाटते. नाचावर लिहिलेलं खरं की नुसतंच देखणं, हे दुसऱ्याच्या अंगात घातल्याशिवाय कळत नाही. आणि ते अंग वेगळ्या मातीतलं असेल तर फारच लवकर कळतं.

याची परीक्षा पढंतीत होते. हातानं टाळी-खाली धरायची, तोंडानं बोल म्हणायचे, पाय आवरून ठेवायचे. 'दलबादल' ही पखवाजाच्या बोलांची परण पोथीत नुसती अक्षरांची रांग. म्हणताना श्वास कुठे घ्यायचा ते पोथी सांगत नाही. तो चुकला की समेवर येताना पोर धापा टाकतं. तिथे ग्रंथकाराला शिक्षक व्हावंच लागतं.

चक्रधरसिंह गेले त्याच 1947 साली पुण्यात कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती ही नृत्यशाळा काढली. तेव्हा त्या तेवीसच्या आतबाहेर होत्या, कथक हाती घेऊन फार काळ झालेला नव्हता. शिकवता शिकवताच लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. नर्तकी इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, संस्कृत 'अभिनयदर्पणा'कडे वळल्या, स्वतः बंदिशी रचल्या. राजानं पंडित, गुरू, शिष्य अशी माणसं जमवून जे साधलं ते या बाईंनी एका वर्गात, एकटीनं केलं. दरबार नव्हता, फीवर चालायचं (आणि फीवर चालणाऱ्या वर्गात नावडता धडा रेटणं किती अवघड, ते कुठल्याही नृत्यशिक्षिकेला विचारा).

कार्तिकराम पुढे भोपाळच्या चक्रधर नृत्य केंद्रात गुरू झाले. ज्याच्यासाठी पोथी उघडली गेली, तोच राजाच्या नावाच्या संस्थेत पढंत म्हणवून घेऊ लागला.