कारण नसलेली सहल

बोदवडचा माणूस गावाबाहेर पडतो तो कामानं. भुसावळला दवाखान्यात, जळगावला कोर्टात, मुक्ताईनगरला दर्शनाला, नाहीतर कुणाच्या हळदीला. निघताना घरून "कायले?" असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तयार असतं. मित्रांबरोबरच्या पहिल्या सहलीला मात्र उत्तरच नसतं. अजिंठ्याला जातो म्हटलं की घरचे विचारतात, शाळेतून गेला होतास ना? लेणी काय बदलली?

मग पोरं कारण शोधतात आणि ते बहुधा देवाचं असतं. बघायचा असतो सातपुड्यातल्या मनुदेवीचा धबधबा, घरी सांगायचं दर्शन. ही लबाडी मला क्षम्य वाटते. आपल्याकडे डोंगरदऱ्यांची वाट पुष्कळदा देवळांनीच दाखवली आहे. मुलींना मात्र देवाचं कारणही पुरत नाही. त्यांना कॉलेजची सहल लागते, सोबत मॅडम लागतात. निव्वळ मैत्रिणींबरोबर जाणं कितीतरी जणींच्या वाट्याला मुलं मोठी झाल्यावर येतं. याला आपण संस्कार म्हणतो; मला तो सरळ अन्याय वाटतो.

श्रावणात अजिंठ्यासाठी जामनेर, पहूर करत फर्दापूरकडे निघावं. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी उभी असते. निंदणी आटोपलेली, वेचणी अजून लांब. शेतकऱ्याच्या पोराला थोडी उसंत मिळते ती याच दिवसांत. फाट्यावर गाडी लावायची, एसटीनं पुढं जायचं आणि डब्यातल्या दशम्या कुठे सोडायच्या यावर वाद घालायचा.

ज्या जागी आपण पावसाळ्यात भटकायला जातो, ती लेणी मुळात पावसाळ्यात न भटकण्यासाठी केलेली. बौद्ध भिक्खू एरवी फिरत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, तो वर्षावास. शेतातलं कोवळं पीक आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार होती, म्हणून हा नियम झाला असं विनयपिटकात सांगितलं आहे. त्यांचं फिरणं हा धर्म होता आणि थांबणं पिकासाठी. आपण आठ महिने पिकासाठी थांबतो आणि पीक उभं असताना एक दिवस फिरतो. त्या भिक्खूंना आपली अडचण पटकन कळली असती, असं मला उगाच वाटतं.

लेण्यांपेक्षा बोदवडच्या माणसाला आधी धरून ठेवतं ते पाणी. वाघूर नदी तिथे सात कुंडांतून खाली उतरते. ज्या गावाला पाणीटंचाई नवी नाही, तिथल्या माणसाच्या मनात धबधबा पाहून पहिला विचार येतो तो हिशेबाचा: एवढं पाणी, आणि खाली एक हंडा नाही! दुसरा विचार यायला वेळ लागतो. हंडा, टँकर, मोटार यातलं काही मनात न आणता पाण्याकडे नुसतं बघत बसणं हे शिकावं लागतं, आणि ते मित्रांच्या संगतीत लवकर येतं, कारण तिथे कुणी हिशेब विचारत नाही. सौंदर्यदृष्टी ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं म्हणणारे भेटतात. मला उलटं दिसतं. ज्याला पाण्याची किंमत माहीत आहे, त्याचं बघणं अधिक खोल असतं. आणि ते पाणी वायाही जात नाही. पुढे वाघूर धरणात अडतं आणि जळगावच्या नळांना येतं.

कारण नसताना आलेल्या माणसाला एक खोड मात्र असते: आपण आलो होतो याचा पुरावा ठेवायची. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, पण पुस्तकांत शोधाचा मान त्याचा. त्यानं काय केलं? दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात मातीदगडांचा ढिगारा होता, त्यावर उभा राहून कोरलेलं ते नाव आज डोळ्यांच्या बरंच वर आहे. फांदीवर, किल्ल्यावर, देवळाच्या खांबावर बाण मारलेलं हृदय काढणारे आपले गडी त्याचेच वारस. मोबाइलनं ही हौस बरीचशी निरुपद्रवी केली, एवढे त्याचे उपकार मानायला हवेत.

तेव्हा पोरगं किंवा पोरगी "उगाच जातोय" म्हणाली तर या पावसाळ्यात जाऊ द्या. फक्त सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात.