यंत्राचा कान

मराठीत ‘माणूस अगदी साधा आहे हो’ हे वाक्य मुख्यतः दोन प्रसंगी ऐकू येतं. एकदा लग्न जमवताना आणि एकदा शोकसभेत. दोन्ही वेळी बोलणाऱ्याला दुसरं काही सांगण्याजोगं सापडलेलं नसतं. म्हणजे माणसाच्या बाबतीत साधेपणा हा गाळून उरलेला गुण. त्याला खर्च नाही, शिक्षण नाही, काही नाही. वस्तूंच्या राज्यात मात्र साफ उलटं आहे, आणि ते मला वयाच्या ७४ व्या वर्षी मायक्रोवेव्ह विकत घ्यायला निघालो तेव्हा कळलं. दुकानात मी जितकं कमी मागत गेलो, तितकी किंमत वाढत गेली.

मायक्रोवेव्ह कशाला हवा होता, तर आमच्या हिच्यासाठी. हिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांनी वयोमानानुसार राजीनामा द्यायला सुरुवात केली आहे. नजरेच्या कडा शाबूत आहेत, पण बरोबर मधोमध एक धूसर डाग. म्हणजे समोर उभा राहिलो तर माझा शर्ट कोणता ते तिला दिसतं, चेहरा दिसत नाही. ‘तेवढीच सोय झाली’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पदराचं टोक एकदा ज्योतीला लागल्यापासून गॅस तिने एकटीने पेटवायचा नाही असा ठराव घरात झाला. ठराव मुलाने बंगळूरहून फोनवर मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि जिच्याबद्दल होता तिला मत नव्हतं. ठराव असेच होतात.

घरात एक जुना मायक्रोवेव्ह होता. त्याचं तोंड आरशासारखं गुळगुळीत. नुसतं बोट टेकवायचं. पण डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना लागत नाही, तर टेकवायचं कुठे? हिने त्यावर उपाय शोधला. सुरू करायच्या जागेवर एक टिकली लावली आणि तीस सेकंदांच्या जागेवर दुसरी. दोन वर्षं तो ओव्हन सवाष्णीसारखा मिरवला. मग वाफेने एक टिकली गळून पडली, आणि एका सकाळी माझा चहा बर्फ वितळवण्याच्या खात्यात दहा मिनिटं फिरत राहिला. पुढे ते तोंडच बंद पडलं. दुरुस्तीवाला आला, त्याने आत बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात म्हणाला, “काका, आतलं सगळं ठीक आहे. पण हा पॅनेल आता येत नाही. नवीनच घ्या.”

आतलं सगळं ठीक आहे आणि चेहरा गेला म्हणून यंत्र भंगारात! हा न्याय माणसांना लावला तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कोण उरेल?

तर आम्ही दोघं दुकानात गेलो. विक्रेता पोरगा गोड होता. त्याने एका ओव्हनसमोर आम्हाला उभं केलं आणि म्हणाला, “काकू, यात तीनशे एक पदार्थ आपोआप होतात. काजूकतलीसुद्धा आहे.” ही म्हणाली, “दूध आहे का?” त्याने यादी चाळली. दूध सापडलं, पण तिथवर पोचायला चार वेळा बोट टेकवावं लागत होतं. मग त्याने त्याहून वरचा दाखवला. तो फोनवरून चालतो. त्याच्याशी बोललं तरी चालतं. ही म्हणाली, “अरे बाळा, मला दूध गरम करायचंय. त्यावर चर्चा नाही करायची.”

मला हवं तसं यंत्र मी आधी पाहिलेलं होतं. एस.टी. स्टँडसमोरच्या बेकरीत. तिथे गल्ल्यामागे स्टीलचा एक चौकोनी ठोकळा असतो. त्याला एकच बटण, फिरवायचं. पूर्वी रेडिओचा कान पिळायचो ना, तसं. काम करणारा मुलगा पॅटिस आत टाकतो, कोपराने दार लोटतो, कान पिळतो, टिंग झालं की बाहेर काढतो. दिवसातून शे-दोनशे वेळा तरी. घड्याळ नाही, यादी नाही, आत फिरणारी काचेची ताटलीही नाही. ताटली का नाही, हे मी खोदून खोदून शोधलं, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो. ओव्हनमधल्या लाटेची लांबी असते सुमारे १२ सेंटिमीटर. बंद डब्यात ती आपटून परतते आणि दर ६ सेंटिमीटरला एक कडक तापलेली जागा आणि मध्ये एक गार जागा तयार होते. म्हणून घरगुती ओव्हनमध्ये अन्नाला गरगर फिरवतात. हॉटेलच्या यंत्रात अन्न जागेवर बसतं, आणि छताच्या नाहीतर तळाच्या आड दडवलेला पंखा लाटेलाच ढवळतो. मला हे फार आवडलं. ज्याला खायचं त्याने स्वस्थ बसावं, धावपळ व्यवस्थेने करावी. आमच्या कचेरीत बत्तीस वर्षं बरोबर उलटं होतं.

वास्तविक हॉटेलचं यंत्र हाच घराण्यातला थोरला भाऊ. पर्सी स्पेन्सर नावाचा अमेरिकन गृहस्थ, शाळा अर्धवट सुटलेला, रेथिऑन कंपनीत रडारच्या नळ्या बनवायच्या कामावर होता. १९४५ साली अशाच एका चालू नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातली मिठाई वितळली. दुसरा कोणी असता तर त्याने धोब्याचा हिशेब केला असता. १९४७ मध्ये जो पहिला ओव्हन बाजारात आला तो माणसाएवढा उंच, वजनाला साडेतीनशे किलोच्या आसपास, गार ठेवायला नळाचं पाणी लागणारा. तो जहाजांच्या आणि मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यातच शोभायचा. ओट्यावर मावणारा घरगुती अवतार आला १९६७ साली. म्हणजे काजूकतली ही पुढच्या पिढ्यांनी लावलेली सवय आहे.

आता किंमत. घरगुती साधा ओव्हन सात हजारांच्या घरात. हॉटेलचा, एका कानाचा, विचारल्यावर त्या पोराने फोन करून चौकशी केली आणि आकडा सांगितला तो पन्नास हजारांच्या पुढचा. वर एक गंमत सांगितली. अशा यंत्रांच्या वॉरंटीत पुष्कळदा अटच असते, की घरी वापरलं तर वॉरंटी रद्द. दिवसाला दोनशे पॅटिसं चालतील, पण हिच्या एका कप दुधाची हमी कोणी घेणार नाही.

घरी आल्यावर मेहुण्याने हे ऐकलं. आमचा मेहुणा तत्त्वचिंतक आहे, म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाबद्दल त्याला तत्त्वं आहेत. तो म्हणाला, “भाऊजी, ही चैन आहे. श्रीमंती चैन परवडली, निदान ती उघड असते. ही साधेपणाची चैन. एक बटण कमी हवं म्हणून चाळीस हजार जास्त देणार, आणि वर आम्हाला अपरिग्रह सांगणार.”

रागावण्यासारखं होतं, पण खोटं नव्हतं. असा साधेपणा आपण सगळ्यांनी पाहिलाय. हाताने विणलेला, बोटांना टोचणारा, महागडा कुडता. दिवाणखान्यात मुद्दाम रिकामी ठेवलेली भिंत. मातीचं भांडं, पण प्रदर्शनातलं. तिथे साधेपणा म्हणजे पाहुण्यांना वाचता यावी म्हणून लावलेली पाटी असते. त्या रात्री मी अंथरुणात पडून या प्रश्नाशी झटत होतो, की माझ्या मनातला हा स्टीलचा ठोकळाही तसाच पाटी आहे का? मला ते यंत्र आवडलं होतं, हे खरंच. पण मला आवडणं आणि तिला लागणं यांतलं अंतर कसं मोजायचं?

तेव्हा मला गांधीजींचं शिवणयंत्र आठवलं. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांवर एवढी झोड उठवणाऱ्या गांधीजींना १९२४ साली कोणीतरी विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. कारण काय दिलं, तर बायको हाताने टाके घालत दिवसभर खपते हे सिंगरला पाहवलं नाही, आणि तिच्यावरच्या प्रेमाने त्याने यंत्र काढलं. आता खरा आयझॅक सिंगर हा नाटकात कामं करणारा, अनेक संसार एका वेळी चालवणारा आणि वीसहून अधिक मुलांचा बाप होता. नेमक्या कोणत्या बायकोवरच्या प्रेमाने त्याने यंत्र काढलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण गांधीजींचं माप मला पटतं. त्यांनी चाकं मोजली नाहीत, किंमत विचारली नाही. या यंत्राने कोणाचे कष्ट वाचतात आणि कोणाचे हात रिकामे होतात, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी हिला म्हटलं, “अगं, एवढं कशाला? मीच देत जाईन की दूध गरम करून.” यात त्याग होता, बचत होती, शिवाय मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं.

ती म्हणाली, “द्याल हो. तुम्ही नाही कुठे म्हणताय? पण मग मला भूक लागायची ती तुम्हाला वेळ असेल तेव्हा.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पन्नास वर्षं माझी भूक तिच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे, तर तिचं वेळापत्रक माझ्या भुकेप्रमाणे चाललं, हेही तिने बोलून दाखवलं नाही.

तिची हरकत वेगळीच होती. “एवढं मजबूत घेऊन करायचंय काय? पंधरा वर्षं टिकेल म्हणता. आपण टिकायला नको का?” मी म्हटलं, मग काय दुकानात जाऊन ‘आमच्याच बेताने मरणारं एखादं दाखवा’ असं म्हणू? तशी सोय करणारेही होऊन गेलेत म्हणा. १९२४ साली जिनिव्हात मोठमोठ्या दिवे-कारखानदारांनी बसून ठरवलं, की विजेचा दिवा हजार तास जळला की पुरे. ज्याचा दिवा जास्त जगेल त्या कारखान्याला दंड! चोख काम केल्याबद्दल दंड भरणारे जगात तेवढेच असावेत.

शिवाय टिकणं म्हणजे न मोडणं नव्हे, असं माझं मत आहे. आमच्या घरातला प्रेशर कुकर बघा. त्याची रबरी रिंग दर दीड-दोन वर्षांनी बदलते, शिट्टी तिसरी आहे, कान दुसरा आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा उडाला. तरी तो ‘तोच’ कुकर आहे, कारण कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात यातला प्रत्येक अवयव खोक्यात घालून ठेवलेला असतो. जी वस्तू मोडल्यावर आपल्या गल्लीत दुरुस्त होते ती टिकाऊ. बाकीच्या नुसत्या कडक.

शेवटी उत्तर मिळालं ते जुन्या बाजारात. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान जिथे विकतात तिथे माणसाने एकदा तरी जावं. इडलीचे कुकर, मिल्कशेकची यंत्रं, ‘आज रोख उद्या उधार’च्या पाट्या. तिथे आमचा ठोकळा होता, हजार वॉटचा, किंमत चौदा हजार. मी बरोबर एक लिटरचं माप आणि थर्मामीटर नेला होता. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी बरोबर एक मिनिट तापवायचं, जितके अंश चढतील त्याला सत्तरने गुणायचं, की यंत्रात खरे वॉट किती उरलेत ते कळतं. दुकानदार माझ्याकडे, मी पंचगव्य वगैरे करायला बसलोय, अशा नजरेने पाहत होता. पारा तेरा अंश चढला. म्हणजे नऊशे दहा. शंभरातले एक्याण्णव टक्के शिल्लक! माझ्या बाबतीत असं मोजायची सोय नाही ते बरं आहे. दाराची पकड आणि आतली जोडणी मी ओळखीच्या कारागिराकडून तपासून घेतली. ते आपण स्वतः करू नये. त्या डब्यात एक कपॅसिटर असतो, तो प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसतो. काही नातेवाईक असतात, भांडण मिटलं तरी साठवून ठेवतात, तसा.

ठोकळा आला. सोळा अँपिअरचा पॉइंट नवा घालावा लागला. दिसायला तो आमच्या ओट्यावर फौजदारासारखा दिसतो आणि आवाज म्हणाल तर पिठाच्या गिरणीचा धाकटा भाऊ. हिने पहिल्या दिवशी त्याच्या कानावरून बोट फिरवलं, खाच कुठे आहे ती चाचपली, आणि माझ्याकडून सेकंद मोजवून घेतले. खाच वर असली की बंद. करंगळीच्या पेरभर उजवीकडे म्हणजे एक कप दूध. खाच आडवी झाली की वाटीभर भात. टिकली लावायची गरज पडली नाही.

परवा रात्री अडीचला मला जाग आली. शेजारी ही नव्हती. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता, तिला त्याचा तसाही फारसा उपयोग नाही. अंधारात गिरणी घरघरली, मग टिंग झालं. दाराचा खटका वाजला. कप ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मी उठलो नाही.

सकाळी म्हटलं, “रात्री दूध घेतलंस वाटतं. मला नाही विचारलंस?”

“तुमचं तुम्ही करून घेत जा,” ती म्हणाली. “सोपं आहे. शिकवीन.”